क आणि ख ची झाकणं

जाहीर सुनावणी दुपारी दोनला सुरू झाली आणि अडीचपर्यंत मी तीनदा पाणी प्यायला उठलो होतो. तहान नव्हती. बसवत नव्हतं, एवढंच. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा शेजारी बसलेली माझी लेक हळूच म्हणाली, "बाबा, खुर्ची टोचते का तुला?"

"पाय आखडतात."

"घरी तीन तास टीव्हीपुढे बसतोस, तेव्हा नाही आखडत."

पुढे मंचावर समितीच्या तीन खुर्च्या होत्या. मधे अध्यक्षबाई. त्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एवढं मला माहीत होतं. सभागृहात जागा कोणी वाटून दिल्या नव्हत्या, पण लग्नात दोन्हीकडची माणसं आपोआप वेगळी बसतात तशी इथेही बसली होती. डावीकडे बियाणं कंपनीचे लोक आणि आमच्या संशोधन संस्थेचे लोक. उजवीकडे विरोध करणारे. आम्ही दोघं डावीकडे, पहिल्या रांगेत. मानाची जागा होती ती.

प्रश्न नव्या मक्याचा होता. या मक्यात प्रयोगशाळेत एक जनुक घातलेलं आहे. त्यामुळे कणीस पोखरणारी अळी पान खाल्लं की मरते, फवारणी लागत नाही. हा मका बाजारात येऊ द्यायचा की नाही, ते समिती सांगणार होती.

"अळी मरते, मग माणसाचं काय?" लाल मफलर घातलेला एक उंच माणूस उजवीकडून विचारत होता. विरोधकांच्या बाजूने तोच बोलायचा.

"अळीच्या आतड्यात एक कुलूप आहे, ही त्याची किल्ली आहे," कंपनीचा माणूस म्हणाला. "आपल्या आतड्यात ते कुलूपच नाही. किल्ली नुसती फिरते आणि पचून जाते."

"कुलूप नाही हे पाहिलं कोणी? किल्ली विकणाऱ्यानेच ना?"

"नाही. स्वतंत्र संस्थेने पाहिलं. नव्वद दिवस उंदरांना खायला घालून पाहिलं."

"नव्वद दिवस! मी तर नव्वद वर्षं जगणार आहे."

"आधी तो मफलर काढा, उकाड्याने आजच जाल," मागून कोणीतरी म्हणालं आणि दोन्ही बाजू हसल्या. मी हसलो नाही. ते नव्वद दिवसांचे उंदीर माझे होते.

संस्थेच्या प्राणीघरात मी एकतीस वर्षं काम केलं. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाद्य मोजून द्यायचं. सगळे मला उंदीरमामा म्हणायचे, पुढे नुसतं मामा राहिलं. माझी बायको त्याच प्राणीघराची प्रमुख तंत्रज्ञ होती. शिकलेली ती, हुद्दा तिचा मोठा. कामावर मी तिला मॅडम म्हणायचो आणि घरी ती मला अहो म्हणायची. लोक विचारायचे, मामा, घरात कोणाचं चालतं? मी म्हणायचो, कामावर तिचं चालतं आणि घरी आम्ही कामाचंच बोलतो.

तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

आता मोठे सर उठले. आमच्या विभागाचे प्रमुख, त्या चाचणीचे मुख्य संशोधक. त्यांनी पडद्यावर आधी आलेख दाखवले. वजन, रक्त, यकृत, मूत्रपिंड. साधा मका खाल्लेले उंदीर आणि नवा मका खाल्लेले उंदीर, दोघांच्या रेषा एकीवर एक. मग त्यांनी हिचा फोटो लावला. पांढरा कोट, केस टोपीखाली, एक डोळा किंचित मिटलेला. फोटो काढताना ती नेहमी असंच करायची.

"या निष्कर्षांवर विश्वास का ठेवायचा, असं मला विचारतात," मोठे सर म्हणाले. "माझं उत्तर या बाई आहेत. वीस वर्षांत यांच्या हाताखालून एक चुकीचा आकडा बाहेर गेला नाही. आज त्या नाहीत. त्यांचे यजमान आणि मुलगी आपल्यात आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उजवीकडच्यांनीही. लेक मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती.

"याच्या तोंडी आईचं नाव शोभत नाही," ती म्हणाली.

ती असं का म्हणाली ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला बसवत नव्हतं. हिने शेवटी लेकीला एक वाक्य सांगितलं होतं, "सरांबद्दल माझा अंदाज चुकला." कारण सांगितलं नव्हतं. हिला शेवटचा निरोप द्यायला सर आले, त्यांनी लेकीपुढे हात जोडले, तेव्हा लेक त्यांच्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. सरांनी ते पाहिलं आणि ते बाजूला जाऊन एकटे थांबले. कारण मला एकट्याला ठाऊक होतं. आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

झालं होतं ते असं. चाचणीत खाद्याचे दोन मोठे डबे होते, क आणि ख. एकात साधा मका, एकात नवा. कशात काय ते आम्हाला सांगितलेलं नव्हतं, सांगायचं नसतंच, नाहीतर माणूस आपल्याला हवं तेच बघतो. खाद्याच्या गोळ्या दिसायला अगदी सारख्या. डब्यांवर चिकटवलेली अक्षरं धुण्याच्या पावडरीने निघून जायची, म्हणून मी झाकणांवर रंगाने क आणि ख लिहिलं होतं. ही म्हणाली होती, "अहो, झाकणावर नका लिहू, डब्याच्या अंगावर लिहा. झाकण चालतं, डबा चालत नाही." मी म्हणालो, उद्या लिहितो. त्याच आठवड्यात ती रुग्णालयात दाखल झाली आणि तो उद्या राहून गेला.

दर शनिवारी मी दोन्ही झाकणं उकळत्या पाण्याने धुवायचो. त्या दिवसांत मी सकाळी रुग्णालय, मग प्राणीघर, मग पुन्हा रुग्णालय असा पळत होतो. एका सोमवारी नवं खाद्य भरायला गेलो. क च्या डब्याला खाली एक पोचा होता, तो मला पाठ होता. आणि त्या पोचा आलेल्या डब्यावर ख चं झाकण होतं.

म्हणजे धुतल्यावर मी झाकणं अदलाबदल लावली होती. क च्या उंदरांनी ख चं खाल्लं होतं आणि ख च्यांनी क चं. पण कधीपासून? परवाच्या शनिवारपासून असेल तर दोन दिवस. त्याच्या आधीच्या शनिवारपासून असेल तर नऊ. काही केल्या आठवेना. मी झाकणं सरळ लावली आणि रुग्णालयात गेलो.

हिला सांगितलं. ती रागावली नाही. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आणि नोंदवहीत लिहा. सरांना सांगा. ते बघतील काय करायचं ते."

मी गेलो. प्राणीघराच्या दारापर्यंत गेलो. चाचणी रद्द झाली तर पुन्हा नव्वद दिवस, आणि मग चाचणीचा शोधनिबंध छापून यायला आणखी वर्ष. डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी बाहेर बोलावून जे सांगितलं होतं, त्यात एवढे दिवस बसत नव्हते. तिचं नाव छापून आलेलं तिने बघावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी वही उघडलीही नाही.

"लिहिलंत?" तिने विचारलं.

"लिहिलं."

"सर काय म्हणाले?"

याचं उत्तर मी ठरवून आलो नव्हतो. "म्हणाले, एवढ्याने काही बिघडत नाही. चालेल."

तिने माझ्याकडे बघितलं. "सर असं म्हणाले?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

निबंध छापून आला तेव्हा मी तो धावत तिच्याकडे नेला. ती पानं उलटत होती, मागे-पुढे, पुन्हा मागे. मला वाटलं नाव शोधते आहे. नाव तर पहिल्याच पानावर होतं. झाकणांबद्दलची ओळ शोधत होती ती. मग तिने निबंध उशीखाली ठेवला आणि विषय काढला नाही.

मोठे सर खाली बसले. आता ज्यांना बोलायचं आहे त्यांनी चिठ्ठी द्यायची होती. मी खिशातलं पेन काढलं.

"तू काय बोलणार?" लेकीने विचारलं. "बाबा, आभारबिभार मानू नकोस हं त्याचे."

"नाही मानत."

माझा नंबर सतरावा आला. सोळा जण बोलेपर्यंत मी दारापाशी उभा होतो. एक बाई परागकणांबद्दल बोलल्या. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की फवारणीच्या विषापेक्षा हे बरं, त्यांच्या भावाचे डोळे फवारणीत गेले. मफलरवाला म्हणाला की एका विषाला दुसरं विष हे उत्तर नाही. प्रत्येकाचं मला थोडं थोडं पटत होतं आणि प्रत्येक जण शेवटी त्या उंदरांवर येत होता. कोणी म्हणे त्या चाचणीवर विश्वास ठेवा, कोणी म्हणे ठेवू नका.

ध्वनिक्षेपकापुढे मी उभा राहिलो. नीट बोलता येणार नाही हे माहीत होतं, म्हणून सरळ सांगून टाकलं. डबे, झाकणं, शनिवार, पोचा, सोमवार. "आणि हे मी कुठेही लिहिलं नाही," असं म्हणून थांबलो.

उजवीकडे एकदम टाळ्या आणि आरडाओरडा. "ऐका! घरचाच माणूस सांगतोय!" डावीकडे कोणीतरी म्हणालं, "या म्हाताऱ्याला कोणी आणलं?" लेकीकडे मी बघितलं नाही.

कंपनीचा माणूस उभा राहिला. त्याचा आवाज फार मऊ होता. "काका, तुमच्या दुःखाबद्दल आम्हाला आदर आहे. अशा काळात माणसाला कधी कधी नसलेल्या गोष्टी आठवतात."

"साहेब, दुःखाने झाकणं बदलली नाहीत," मी म्हणालो. "मी बदलली."

अध्यक्षबाईंनी टेबलावर पेन आपटलं. "सगळे खाली बसा. मामाच म्हणतात ना तुम्हाला? मामा, दोन दिवस की नऊ दिवस?"

"सांगता येत नाही, बाई. तेच तर आठवत नाही."

"आठवू नका. मी विचारते त्याचं उत्तर द्या. डब्यांचं वजन करायचात का?"

"रोज सकाळी. डबा काट्यावर ठेवायचा आणि वहीत लिहायचं."

"कोणता डबा कोणता, हे कशावरून लिहायचात?"

"झाकणावरून."

"दोन्ही गटांत उंदीर सारखेच होते?"

"नाही. क मध्ये चाळीस, ख मध्ये साठ. ख चा डबा लवकर उतरायचा."

"आणि डबे भरायचात कधी?"

"एक सोमवार सोडून एक. मधे कधी नाही."

बाई मोठ्या सरांकडे वळल्या. "वहीची पानं तुमच्याकडे आहेत?"

सरांनी लॅपटॉप उघडला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. पडद्यावर हिचा फोटो गेला आणि माझं अक्षर आलं, वाकडंतिकडं, घाईचं. त्या दिवसांतलं माझं अक्षर मलाच ओळखू येईना.

"वाचा," बाई म्हणाल्या. "नऊ दिवस आधीचा शनिवार आणि त्याच्यानंतरचा रविवार."

"शनिवार," सर वाचू लागले. "क एकवीस किलो. ख एकोणीस." मग ते थांबले. "रविवार. क अठरा किलो दोनशे ग्रॅम. ख..."

"ख?"

"एकोणीस किलो आठशे."

"म्हणजे ख वाढला," बाई म्हणाल्या. "रविवारी भरला होता, मामा?"

"नाही."

"भरल्याशिवाय डब्यातलं खाद्य वाढत नाही. झाकणं त्या शनिवारी बदलली. नऊ दिवस."

दोन वर्षं मी दोन आणि नऊ यांच्यामध्ये येरझाऱ्या घातल्या होत्या. उत्तर माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. लिहिताना मी आकडे बघितलेच नव्हते.

"या पानाखाली सही कोणाची आहे?" मफलरवाल्याने जागेवरूनच विचारलं.

"माझी," मोठे सर लगेच म्हणाले. "दर आठवड्याला मी सही करायचो. आकडे तपासायचं काम मामांच्या पत्नीचं होतं, आणि त्या रजेवर होत्या. त्यांनी हे रविवारीच पकडलं असतं. मी नुसती सही केली."

"म्हणजे मका विषारी आहे!" उजवीकडून कोणीतरी ओरडलं.

"अजिबात नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि मका सुरक्षित आहे, असंही नाही. नव्वदातले नऊ दिवस दोन्ही गटांनी एकमेकांचं खाल्लं. फरक असता तर तो थोडा पुसट झाला असता. फरक नसता तर काहीच झालं नसतं. यातलं खरं काय ते या वहीवरून मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. चाचणी पुन्हा करावी लागेल. तोवर निर्णय थांबेल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "एक शेवटचं. त्या वेळी हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मी खोटं बोलू शकलो असतो. कोणालाच नाही, एवढं म्हटलं की संपलं असतं.

"बायकोला."

आता दोन्ही बाजू एकत्र उसळल्या. "म्हणजे त्यांना माहीत होतं!" कंपनीचा माणूस म्हणाला, या वेळी मऊपणा नव्हता. मफलरवाला तर खुर्चीवरच चढला. "माहीत असून निबंधावर नाव! हीच का ती चूक न करणारी बाई?"

लेक उठून उभी राहिली होती. तिचे ओठ हलत होते, पण गोंगाटात ऐकू येत नव्हतं.

"ऐका!" मी ओरडलो. ध्वनिक्षेपक कर्कश वाजला आणि लोक गप्प झाले. "तिने मला वहीत लिहायला सांगितलं. सरांना सांगायला सांगितलं. मी दोन्ही केलं नाही. परत येऊन तिला म्हणालो, लिहिलं. तिने विचारलं, सर काय म्हणाले. मी म्हणालो, सर म्हणाले चालेल. सरांना मी काही सांगितलंच नव्हतं. तिचं नाव छापून आलेलं तिने बघावं म्हणून मी हे केलं. सर लबाड आहेत असं समजून ती गेली. सर लबाड नव्हते."

मी ध्वनिक्षेपकापासून बाजूला झालो.

मोठे सर मंचाच्या कडेला आले होते. ते वाकून, फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "म्हणून त्या मला भेटायला नको म्हणाल्या? दोनदा आलो होतो मी. नर्सने दारातून परत पाठवलं."

हे मला माहीत नव्हतं. त्या दोन्ही वेळी मी कुठे होतो कोण जाणे. औषधं आणायला असेन.

"हो," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. किती वेळ हलवत होते.

सुनावणी संपली. समितीच्या कारकुनाने मला शेजारच्या खोलीत नेलं आणि कोरा कागद दिला. "जे सांगितलंत ते स्वतःच्या अक्षरात लिहा आणि सही करा." मी उभ्यानेच लिहू लागलो. त्याने खुर्ची पुढे सरकवली, तरी बसलो नाही. डबे, झाकणं, नऊ दिवस. मग लिहिलं, माझ्या पत्नीने ही चूक नोंदवायला सांगितली होती.

कारकून खांद्यावरून वाचत होता. "मामा, हे नको. हे घरगुती झालं. आम्हाला फक्त चाचणीचं हवं."

"हे चाचणीचंच आहे."

"याला पुरावा नाही ना पण. त्या तर आता..."

"तुमच्या बाईंना विचारून या."

तो कुरकुरत गेला. मी दाराच्या काचेतून सभागृहात बघितलं. लोक पांगत होते, मफलरवाला आणि कंपनीचा माणूस बोट दाखवत दाखवत अजून भांडत होते. त्यांच्या मागे, मंचापाशी, लेक मोठ्या सरांसमोर उभी होती. ती बोलत होती आणि सर ऐकत होते. मग सर बोलले. माझे पाय त्यांच्याकडे जायला निघाले होते. मी स्वतःला दाराशी धरून ठेवलं.

कारकून परत आला. "राहू द्या म्हणाल्या. पण 'माझ्या म्हणण्याप्रमाणे' असं आधी लिहा. बाकीच्याला वहीचा आधार आहे, याला फक्त तुमच्या शब्दाचा."

माझ्या शब्दाची किंमत आज सगळ्यांनी बघितलीच होती. मी लिहिलं, माझ्या म्हणण्याप्रमाणे. सही केली.

लेक दारात आली. डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता. "झालं?"

"झालं. काय बोललात?"

"ते आमच्यात."

ती जिन्याकडे चालू लागली. मी मागून निघालो. ती माझ्यासाठी थांबली नाही आणि मला मागे टाकून पुढेही गेली नाही. एका पायरीचं अंतर ठेवून आम्ही खाली उतरलो.